चोवीसचे सहा

बेचाळिसावा मुद्दा मी वाचायला घेतला तेव्हा सुरक्षा समितीतले दोघे पेंगत होते आणि तिसरे, म्हणजे अध्यक्ष, बशीतला कचोरीचा चुरा बोटाने टिपून खात होते.

“मुद्दा बेचाळीस,” मी म्हणालो. “शेपटीतली छत्री. जमिनीवरच्या तीन चाचण्यांपैकी दोन झाल्या आहेत. तिसरी उद्या सकाळी.”

“बंद करा.”

“सर, तिसरी उद्या आहे.”

“उद्या होणारच आहे ना? मग आज बंद करा. आम्हाला संध्याकाळची गाडी पकडायची आहे.”

मी त्या ओळीवर ‘बंद’ असा शिक्का उठवला. एकूण चौसष्ट मुद्दे होते आणि जेवणाच्या आत चौसष्टच्या चौसष्ट बंद झाले. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त इथे उंटालाही झोप लागली होती. जेवणात श्रीखंड होतं. अध्यक्षांनी दोनदा घेतलं आणि कागद फार व्यवस्थित केलेत म्हणून माझं कौतुक केलं.

मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो. आमच्या संस्थेने शिकाऊ वैमानिकांसाठी एक छोटं जेट विमान बनवलं होतं आणि सोलापूरकडच्या एका उघड्याबोडक्या माळावर त्याच्या चाचण्या चालत. माझ्याकडे दोन कागद होते. एक सुरक्षा तपासणीचा तक्ता, दुसरं चाचणीचं वेळापत्रक. वेळापत्रकात मी वस्ताद होतो, हे आता सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मला त्याचा माज होता. इतर लोक आधी कामं मांडून मग तारीख काढत. आमच्याकडे तारीख वरून यायची आणि मी तिथून मागे मागे येत कामं बसवायचो. मुहूर्त आधी धरायचा आणि नवरी नंतर बघायची, असा तो प्रकार. आणि मी कुठलीही नवरी बसवून दाखवायचो.

या वेळची तारीख शुक्रवार होती. दिल्लीहून एक बडे पाहुणे येणार होते आणि त्यांच्या देखत स्पिनची चाचणी व्हायची होती. स्पिन म्हणजे विमान वेग हरवून बसतं आणि गरगर फिरत खाली पडू लागतं ते. शिकाऊ पोरं अशा गोत्यात सापडतातच, म्हणून आमचा वैमानिक मुद्दाम विमान उंचावर नेऊन स्पिनमध्ये घालणार, चार गिरक्या घेऊ देणार आणि बाहेर काढणार. नाहीच बाहेर आलं, तर शेपटीतली छत्री उघडायची. ती विमानाला मागून खेचून सरळ करते, मग तिला सोडून द्यायचं. सगळा भरवसा त्या एका छत्रीवर. आणि असली चाचणी पाहुण्यांपुढे नाचाच्या कार्यक्रमासारखी ठेवायची, म्हणजे हात दाखवून अवलक्षण होतं. हे सगळ्यांना कळत होतं. बोललं कोणी नाही, मीही नाही.

प्रकल्पप्रमुख होते कारखानीस साहेब. पांढराशुभ्र शर्ट, मृदू आवाज. त्यांची एक खासियत होती. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी स्वतःच्या हाताने फारसं काही लिहिलं नव्हतं. हुकूमसुद्धा द्यायचे नाहीत. समोरच्याकडे बघत हळूच म्हणायचे, “बघा काय ते.” मग समोरचा बघायचा, लिहायचा आणि खाली सहीही करायचा.

गुरुवारी सकाळी दहाला तिसरी चाचणी झाली. विमान धावपट्टीवर वेगाने पळालं, छत्री उघडली, सुटली, सगळं उत्तम. पण सुटलेली छत्री वाऱ्याने कडेला गेली आणि चिखलात पडली.

मार्च महिना होता. त्या माळावर मार्चमध्ये चिखल म्हणजे नवलच. पण पाहुण्यांच्या अंगावर धूळ उडू नये म्हणून मंडपासमोर आणि धावपट्टीच्या कडेने सकाळपासून टँकरने पाणी मारत होते. ते माझ्या वेळापत्रकात नव्हतं. मंडप, सतरंज्या, हारतुरे आणि पाणी मारणं यांचं वेळापत्रक प्रशासनाकडे असायचं. दोन्ही कागद एकाच मजल्यावर, समोरासमोरच्या खोल्यांत तयार झाले होते. ते कधी कोणी शेजारी ठेवून वाचले नाहीत.

छत्रीचं खातं शिवशरण बाईंकडे होतं. कलावती शिवशरण, पन्नाशीच्या, सडपातळ, चष्म्याला मागे दोरी बांधलेली. बावीस वर्षं त्या छत्र्या शिवत, वाळवत आणि घडी घालत होत्या. घडी घातली की बाई एक छोटं पुठ्ठ्याचं कार्ड भरून छत्रीच्या पिशवीच्या खिशात सरकवायच्या. त्यावर छत्रीचा नंबर, टांगल्याची वेळ, उतरवल्याची वेळ आणि घडी घालणाऱ्याची सही. आमच्याकडे एकच कागद असा होता ज्यावर माणसं विश्वास ठेवत, आणि तो हा पुठ्ठा.

बाईंनी चिखलाने भरलेली छत्री साध्या पाण्यात धुतली आणि टॉवरमध्ये टांगली. टॉवर म्हणजे चार मजले उंचीची एक रिकामी खोली, वर आकडे लावलेली. मी गेलो तेव्हा अकरा वाजत होते.

“किती वेळ लागेल, बाई?”

“चोवीस तास. तुमाला काय नवीन हाय का, साहेब?”

“आणि घडीला?”

“चार.”

मी मनात हिशेब केला. शुक्रवारी दुपारी तीन. पाहुणे साडेदहाला यायचे आणि एकला जायचे. मी विचारलं, गरम हवा मारली तर? बाई म्हणाल्या की कापड नायलॉनचं आहे, गरम हवेने धागा मरतो, आणि हे मला ठाऊक असायला हवं. मला ठाऊक होतं.

दुसरी छत्री होती. अगदी तशीच, कोरडी ठणठणीत, कपाटात. पण सुरक्षा तक्त्यात नंबर एकचीच नोंद होती. नंबर दोन लावायची तर बेचाळिसावा मुद्दा पुन्हा उघडायचा, समितीला परत बोलवायचं, आणि समिती तर श्रीखंड खाऊन गाडीत बसून गेली होती. म्हणजे कोरडी छत्री कागदाला चालत नव्हती आणि ओली छत्री तारखेला.

मी कारखानीस साहेबांकडे गेलो. ते मंडपातल्या खुर्च्यांची मांडणी बघत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“चोवीस तास हे पावसाळ्याचं माप असेल, शेजवळ,” ते म्हणाले. “इथे हवा किती कोरडी आहे. माझा रुमाल पाच मिनिटांत वाळतो.”

“पण नियमात...”

“नियम आपणच करतो ना? तुम्ही वेळापत्रकाचे जाणकार आहात. बघा काय ते.”

मी टेबलावर येऊन बसलो. मोठ्या कागदावर रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या पट्ट्या होत्या, छत्रीची पट्टी निळी. चोवीसचे सहा करायला खोडरबराचे दोन हात पुरले. निळी पट्टी आखडली आणि सगळ्या पट्ट्या शुक्रवारच्या आत सुबक बसल्या. खाली टीप टाकली, ‘कोरडे हवामान लक्षात घेता.’ ते वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. आज आठवलं की शिसारी येते.

संध्याकाळी पाचला मी टॉवरमध्ये गेलो. छत्री बाहेरून कोरडी दिसत होती, स्पर्शालाही कोरडी. मी खूश झालो. बाईंनी छत्रीचा मधला भाग खाली ओढला. तिथे सगळ्या पट्ट्या येऊन मिळतात आणि कापड चार-चार पदरी शिवलेलं असतं.

“हितं बोट घाला.”

मी दोन पदरांच्या मध्ये बोटं घातली. आत गार ओल होती. बोटं बाहेर काढली आणि पँटला पुसली. बाई माझ्या हाताकडे बघत होत्या.

“वर काय हवा असती, साहेब?”

“उणे दहा-बारा.”

“मंग ही वल तितं बर्फ हुनार. पदराला पदर चिकटनार. छत्री भायेर येईल, पन उगडनार नाय.”

मी म्हणालो, बाई, छत्री लागणारच नाही. ती फक्त असावी लागते. याआधी सहा वेळा स्पिन केला, एकदाही लागली नाही.

“लागत नाय म्हनून वली द्यायची?” त्या म्हणाल्या. “मी सही नाय करनार.”

त्यांनी हे शांतपणे सांगितलं, जणू आज भाजी नाही केली म्हणून सांगावं. मी साहेबांना फोन केला. ते म्हणाले, बाई वयस्कर आहेत, हट्टी आहेत, त्यांना सहीचा ताण देऊ नका, देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याची सही चालते. अधिकारी म्हणजे मी.

मी कार्ड भरलं. छत्री क्रमांक एक. टांगली अकरा, उतरवली सतरा. खाली सही केली, दि. के. शेजवळ. बाईंनी कार्ड घेतलं, चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाल्या, “घडी मीच घालते. तुमी जावा.” मी गेलो. मला जायचंच होतं.

शुक्रवारी सकाळी छत्री शेपटीत बसवली गेली. साडेनऊला विंग कमांडर घोरपडे आले. धिप्पाड, मिशाळ, बोलायला मोकळा माणूस. चाचणीआधी चौसष्ट मुद्द्यांचा तक्ता वैमानिकाला वाचायला द्यायचा आणि शेवटची सही त्याची घ्यायची, अशी पद्धत. घोरपड्यांनी तो कधी वाचला नाही. ते पानं उलटायचे आणि एकच प्रश्न विचारायचे.

“शेजवळ, छत्री कुणी बांधली?”

“बाईंनी.”

“मग झालं.”

त्यांनी सही केली. मी खोटं बोललो नव्हतो. घडी बाईंनीच घातली होती, सही फक्त नव्हती, आणि सहीबद्दल त्यांनी विचारलं नाही. असल्या हिशेबाने मी स्वतःची समजूत घातली आणि मंडपात जाऊन उभा राहिलो.

मंडपात गुलाबपाणी शिंपडत होते. पाहुणे मधल्या सोफ्यावर होते, शेजारी कारखानीस साहेब. समोर लाऊडस्पीकर लावला होता, त्यातून घोरपड्यांचा आवाज येणार होता. वर निळ्या आभाळात विमान खडूच्या ठिपक्याएवढं दिसत होतं.

“स्पिनमध्ये जातोय,” स्पीकर बोलला. “एक. दोन. तीन. चार. बाहेर काढतोय.”

मग काहीच नाही. ठिपका फिरत खाली येत होता.

“पाच. येत नाहीये. सहा. नाही.”

मंडपात कोणीतरी बिस्किटाचा पुडा उघडत होतं, त्याचा चरचर आवाज मला आजही ऐकू येतो. मला पक्कं ठाऊक होतं आता काय होणार. छत्री बाहेर येईल आणि उघडणार नाही.

“छत्री टाकतोय,” घोरपडे म्हणाले.

ठिपक्याच्या मागे पांढरं काहीतरी आलं आणि फुललं. एका क्षणात, कापसाच्या बोंडासारखं. विमानाच्या गिरक्या मंदावल्या, नाक खाली गेलं, सरळ झालं. पांढरा ठिपका सुटून वाऱ्याबरोबर दूर जाऊ लागला. मंडपात टाळ्या वाजल्या.

पाहुण्यांनी विचारलं, “हे काय होतं?”

“सुरक्षा यंत्रणेचंही प्रात्यक्षिक ठेवलं होतं, सर,” कारखानीस साहेब म्हणाले. “कार्यक्रमातच होतं.”

टाळ्या आणखी वाजल्या. मीही वाजवल्या. घोरपडे उतरले तेव्हा त्यांना आधी हार घालण्यात आला. हार गळ्यात असतानाच ते हँगरच्या मागे गेले. मी पाठोपाठ गेलो तर ते भिंतीला हात टेकून ओकत होते. तोंड पुसून म्हणाले, “बाईंना माझा नमस्कार सांग. आज त्या नसत्या तर माझ्या पोरींना बाप नसता.” हाराची फुलं ओकारीत पडली होती.

सुटलेली छत्री आणायला मी आणि बाई जीपने निघालो. ती चार मैलांवर एका करडईच्या शेतात पडली होती. पीक काढणीला आलेलं, काटे कडक झालेले, आणि छत्री त्या काट्यांत ठिकठिकाणी अडकलेली. बाई वाकून एकेक काटा सोडवत होत्या. मी म्हणालो, बाई, बघा, सहा तासांत वाळली की नाही. माझ्या आवाजात किती उत्साह होता ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

बाईंनी कापडाची कड उलटी करून माझ्यापुढे धरली. शिवणीजवळ काळ्या शाईत नंबर होता. दोन.

मला कळायला थोडा वेळ लागला.

“एक नंबर अजून टॉवरला टांगलेली हाय,” बाई म्हणाल्या. “सकाळी बोट घालून बगितलं. वीस तास झाले तरी मदी वल हाय. तुमी जाऊन बगा.”

“म्हणजे तुम्ही...”

“तुमी गेल्यावर कपाटातली घेतली. ती वाळलेली हाय, तिची घडी मीच घातलीया. कागदावर नाय, यवडंच.”

मग त्यांनी पिशवीच्या खिशातून ते पुठ्ठ्याचं कार्ड काढलं आणि माझ्या हातात ठेवलं. माझं अक्षर, माझी सही, छत्री क्रमांक एक. मागच्या बाजूला पेन्सिलने बाईंनी लिहिलं होतं, छत्री नं. २, मंगळवार ते बुधवार, चोवीस तास. क. शिवशरण. म्हणजे आमची समिती श्रीखंड खात होती तोवर बाईंनी नंबर दोन आपणहून वाळवून ठेवली होती. कोणी सांगितलं नसताना.

“आता ह्ये लिवा, साहेब,” त्या म्हणाल्या. “मी बिगर हुकमाची छत्री बदलली म्हनून लिवा. माजं काय व्हायचं ते हू द्या, माजी सात वर्सं राह्यलीत. पन सहा तास पुरले असं लिवू नका. आज लिवलं तर उद्या कुनीतरी तसंच करंल.”

“लिहितो,” मी म्हणालो.

मनापासून म्हणालो होतो. जीप फाटकाशी येईपर्यंत माझा विचार पक्का होता. फाटकाशी कारखानीस साहेब उभे होते. पाहुणे खूश होऊन गेले होते आणि साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले की वरिष्ठ अधिकाऱ्याच्या जागेसाठी तुमचं नाव पाहुण्यांच्या कानावर घातलं आहे, पाचच्या आत अहवाल फॅक्स करायचा आहे, आणि ते सहा तासांचं जरा ठळक लिहा, दिल्लीला असं काहीतरी नवीन आवडतं.

मी म्हणालो, “सर, छत्रीच्या बाबतीत एक गोष्ट...”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेवरून मला वाटलं, यांना ठाऊक आहे, किंवा ठाऊक करून घ्यायचं नाही. दोन्ही एकच.

“बघा काय ते,” ते म्हणाले.

मी पाहिलं. पाचला दहा मिनिटं असताना अहवाल गेला. ‘छत्री क्र. १, सहा तास वाळवून, प्रत्यक्ष उड्डाणात यशस्वी.’ कार्ड मी घरी नेलं आणि पाकिटात ठेवलं. फाडून टाकलं नाही, एवढ्यावरही मी काही दिवस स्वतःला प्रामाणिक समजत होतो.

पुढच्या आठवड्यात बाईंची बदली भांडारात झाली. कारण, अधिकाऱ्याने सांगूनही सही करण्यास नकार. त्या पत्राचा मसुदाही माझाच, साहेब लिहीत नसत हे सांगितलंच आहे. पत्र द्यायलाही मीच गेलो. बाईंनी ते वाचलं. त्यांना अहवाल कोणी दाखवणार नव्हतं, पण पत्रात ‘सहा तासांची सिद्ध पद्धत’ असे शब्द होते. त्यावर त्यांचं बोट थांबलं.

“म्हंजी लिवलं नाय,” त्या म्हणाल्या.

मी सहीसाठी पोचवही पुढे केली. बाईंनी पोच दिली, दोरीचा चष्मा काढून डब्यात ठेवला आणि आपली कात्री तेवढी बरोबर घेऊन भांडाराकडे गेल्या. त्यांनी कोणाकडे तक्रार केली नाही. सांगितलं असतं तरी त्यांच्याकडे पुरावा काय होता? पुरावा माझ्या पाकिटात होता.

मला बढती मिळाली. माझं वेळापत्रक नियमपुस्तकात परिशिष्ट म्हणून छापलं गेलं. नवी मुलं त्याला ‘शेजवळ पद्धत’ म्हणत आणि मी हसून नको नको म्हणायचो.

चार वर्षांनी दुसऱ्या एका तळावर, दुसऱ्या विमानावर, स्पिनची चाचणी होती. जमिनीवरच्या चाचणीत छत्री भिजली. तिथल्या सोनटक्के नावाच्या कारागिराने नियमपुस्तक उघडलं, परिशिष्ट वाचलं, सहा तास वाळवली आणि घडी घातली. कार्डावर स्वच्छ अक्षरात खरी वेळ लिहून सही केली. वर छत्री बाहेर आली आणि उघडली नाही. ओल्या धुण्यासारखी विमानामागे लोंबत राहिली. स्क्वाड्रन लीडर रणजित पाटणकर, वय एकतीस, शेवटपर्यंत विमान वाचवायला बघत होता. उडी टाकली तेव्हा जमीन फार जवळ आली होती.

चौकशीला मला साक्षीदार म्हणून बोलावलं. सहा तासांची पद्धत माझी म्हणून. रात्रभर गाडीत मी स्वतःला बजावत होतो की आता कार्ड काढायचं आणि टेबलावर ठेवायचं. शर्टाच्या खिशात ते घेऊनच आत गेलो. मंडळाच्या मधल्या खुर्चीवर घोरपडे होते. केस पिकले होते, मिशा तशाच. मला बघून त्यांचे डोळे ओळखीने हसले.

भिंतीलगत बाकावर सोनटक्के बसला होता. गुडघे जुळवून, हातात टोपी धरून.

“हे सिद्ध आहे का, की सहा तास पुरतात?” मंडळातल्या एकाने विचारलं.

मी खिशाकडे हात नेला. तेवढ्यात घोरपडेच बोलले. माझ्या मदतीला धावून आले ते. भला माणूस.

“सिद्ध आहे म्हणजे काय, मी समोर बसलोय की,” ते म्हणाले. “त्या दिवशी माझी छत्री सहाच तास वाळवली होती आणि फूल उमलावं तशी उघडली. मी स्वतः साक्षीदार आहे. पद्धतीत खोट नाही. घडीत असेल.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “काय शेजवळ, सहाच तास ना?”

सगळे माझ्याकडे बघत होते. सोनटक्केही बघत होता. त्याच्या नजरेत आशा होती. मी काहीतरी सांगेन असं त्याला वाटत होतं.

“हो,” मी म्हणालो.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. सोनटक्केची नोकरी गेली, घडी घालताना निष्काळजीपणा असा ठपका ठेवून. पद्धत तशीच राहिली.

बाहेर व्हरांड्यात घोरपड्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. म्हणाले, “मनाला लावून घेऊ नकोस, तुझी चूक नाही. आणि हो, आपल्या बाई कशा आहेत?”

चार वर्षांत मी भांडाराच्या बाजूला फिरकलो नव्हतो.

“बऱ्या आहेत.”

“त्यांना सांग, त्यांच्या हातावर मी अजून जगतोय.”

सांगतो म्हणालो. ते गेले, आणि मी हात पँटला पुसला.